कुंपणच शेत खातं तेव्हा

गटाच्या बैठकीत आम्ही पुष्कळदा ऐकतो, "तिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे." खरं तर त्या बाईचे सांधे सुजलेले असतात, बारीक ताप जात नाही, केस गळतात. उन्हात गेलं की नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल चट्टा उठतो. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं माहेराहूनच घेऊन आली. अशा काही बायांना ल्युपस नावाचा आजार असतो. या आजाराचं मूळ शोधणाऱ्या एका बाईची गोष्ट आज सांगतो.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी शक्ती असते, शेताभोवतीच्या कुंपणासारखी. ल्युपसमध्ये हे कुंपणच शेत खायला लागतं. ती शक्ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर उलटते. आणि ल्युपसच्या दर १० रुग्णांत साधारण ९ बाया असतात. असं का?

या आजाराच्या मागे लागल्या डॉ. कारोला विनुएसा. जन्म १९६९ चा, स्पेनमधल्या कादिझचा. माद्रिदला त्या डॉक्टर झाल्या, इंग्लंडात बर्मिंगहॅमला पीएचडी केली आणि मग ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात संशोधनाला लागल्या. तिथे त्यांना ल्युपससारखा आजार असलेले उंदीर सापडले. त्यांच्या एका जनुकात बिघाड होता. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली, शरीर कसं चालवायचं याची लिहिलेली सूचना. या जनुकाला नाव दिलं रोक्विन. अंगातल्या काही लढाऊ पेशींना आवर घालणं हे त्याचं काम. तो आवर सुटला की पेशी वाढतात आणि आपल्याच अंगावर धावतात. हे संशोधन २००५ साली छापून आलं.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्या पुढे शोधतच राहिल्या. स्पेनमधल्या एका मुलीला ७ व्या वर्षीच कडक ल्युपस झाला होता. इतक्या लहान वयात तो क्वचित होतो. तिची सगळी जनुकं वाचली, तेव्हा टीएलआर-७ नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं दिसलं. हे जनुक विषाणूची चाहूल घेतं. बदलामुळे ते इतकं हळवं झालं होतं की आपल्याच पेशींना शत्रू समजत होतं. खात्री करायला तोच बदल उंदरांत घातला, तर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. हे २०२२ साली जगापुढे आलं.

यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, टीएलआर-७ हे एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. बाईला एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाला एक. बाईच्या दोनांतलं एक बहुतेक झोपलेलं असतं, पण त्यातलं हे जनुक काही पेशींत जागंच राहतं. बायांना हा आजार जास्त का, याचं एक कारण इथे आहे. दुसरी, त्या मुलीतला बदल ना आईकडून आला होता, ना बापाकडून. तो तिच्यातच नव्याने झाला होता. मग दोष कुणाला द्यायचा?

सगळ्यांचा ल्युपस या एकाच जनुकामुळे होत नाही. बहुतेकींमध्ये अनेक जनुकं आणि भोवतालची कारणं एकत्र येतात.

याच विनुएसांनी आणखी एका बाईसाठी जनुकं वाचली. ऑस्ट्रेलियातल्या कॅथलीन फोलबिग यांची चार लेकरं दहा वर्षांत एकामागून एक गेली. आईनेच जीव घेतला असं ठरवून २००३ साली त्यांना तुरुंगात टाकलं. विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन्ही मुलींमध्ये हृदयाचे ठोके अचानक थांबवू शकणारा जनुकीय बदल दिसला. तो आईकडून आला होता, पण अंगातून आलेलं जनुक म्हणजे हातून झालेला गुन्हा नव्हे. जून २०२३ मध्ये त्यांना माफी मिळून त्या सुटल्या आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. तोवर २० वर्षं गेली होती.

विनुएसा आता लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत हेच काम पुढे नेतात.

मैत्रिणींनो, आपल्या गटात कुणाला अशी लक्षणं दिसली, तर तिला दवाखान्यात न्या. रक्त आणि लघवी तपासायला सांगा. ल्युपस शिवल्याने पसरत नाही. तो मुळापासून जात नसला तरी औषधांनी ताब्यात राहतो, म्हणून बरं वाटलं की औषध आपल्या मनाने सोडू नका. आणि आजारी बाईला आधी "काय दुखतं?" असं विचारू. "काय केलंस?" हा प्रश्न आपल्या बैठकीत नको. पुढच्या भागात पुन्हा भेटू.