मातीचा बैल आणि जस्ताची मोटार

इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीतील महाल म्हणून आजऱ्याच्या कचेरीत जी दप्तरे लिहिली जात, ती साऱ्याची, जकातीची आणि वहिवाटीची; पोरांच्या खेळण्यांची नोंद ठेवण्याचे कोणत्याही कारकुनास प्रयोजन नव्हते. कुंभाराने बेंदरासाठी घडविलेले मातीचे बैल पूजेनंतर फुटत. संकेश्वराहून आजऱ्यावरून आंबोली घाट उतरणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगास, सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगांनी झळकणारी लाकडी गाडी धाकट्या भावंडांच्या हाती जाता जाता झिजून जाई. खेळण्याने बालपणाबरोबर संपावे, हाच शिरस्ता होता. संग्रह ही धातूने लावलेली सवय आहे.

आमच्याकडे धातूच्या खेळण्यातल्या मोटारींना खरा मान मिळाला तो दिवाळीतील मातीच्या किल्ल्यावर. महाराज सिंहासनावर, बुरुजावर मावळे, आणि पायथ्याच्या अळिवाच्या शेतालगत मावळ्याहून दुप्पट उंचीची मोटार! प्रमाण आणि कालक्रम यांचा हा निर्भय अनादर मला कोणत्याही काचेच्या कपाटापेक्षा प्रिय आहे.

वितळलेला जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून अशी खेळणी ओतण्याचा उद्योग लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ च्या सुमारास 'डिंकी' या नावाने भरभराटीस आणला. पुढे लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांनी, काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत नेण्याची मुभा असलेल्या आपल्या मुलीसाठी चिमुकला रोलर बनविला, अशी हकिगत सांगतात. 'मॅचबॉक्स' मोटारी १९५३ साली बाजारात आल्या. परंतु आपल्या दृष्टीने अधिक रोचक कथा कलकत्त्याची आहे. डिंकीचे जुने साचे तेथील एस. कुमार आणि कंपनीने घेतले व साठच्या दशकाच्या अखेरीपासून 'निकी' या नावाने त्याच बेन्टली, त्याच जॅग्वार नव्याने ओतल्या. काही मोटारींच्या तळावरील मूळ नाव खोडून काढलेले दिसते; ओतकाम ओबडधोबड, रंग जाडसर. कारखान्याच्या लेखी जी उणीव, तीच आज संग्राहकाच्या लेखी सनद ठरली आहे, कारण साच्याचा प्रवास निर्दोष मोटार सांगत नाही, खोडलेल्या अक्षरांची ती खूण सांगते.

धातू टिकतो, या विश्वासालाही मर्यादा आहे. जस्तात शिशाचा अल्प अंश मिसळला तरी मोटार आतून फुगते, भेगाळते आणि अखेर तिचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी मोटारी कोणी हातही न लावता अशा नष्ट झाल्या. याउलट दायमाबादेस १९७४ साली सापडलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा बैल जुंपलेला कांस्यरथ, त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद असला तरी, शतकानुशतके मातीखाली शाबूत राहिला. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनच्या विख्यात मूर्तीबरोबर ज्या कांस्यवस्तू हाती आल्या, त्यांत गजारूढ स्वार होते आणि एका छोट्या गाडीचे अवशेषही होते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनपुढे सारे थबकतात. आजऱ्याहून आलेले एखादे पोर मात्र प्रथम ती गाडी पाहील, आणि ती चालते का, एवढेच विचारील.