माहेर बदललेली देवी

तैवानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ दाजिया नावाचं गाव आहे. तिथल्या जेन लान मंदिरातून दरवर्षी वसंतात मात्सूदेवीची पालखी निघते. नऊ दिवस आणि आठ रात्री चालून, जाऊन-येऊन सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून ती परत येते. लाखो माणसं, फटाक्यांचा धूर आणि रात्रभर वाजणाऱ्या झांजा पाहिल्या की हे सगळं पूर्वापार असंच चालत आलेलं असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात पालखीचा आजचा मार्ग १९८८ सालचा आहे, आणि तो ठरला रुसव्याफुगव्यातून.

देवी मात्र जुनी. चीनच्या फुजियान किनाऱ्यालगत मेइजौ नावाचं बेट आहे. तिथे ९६० साली लिन घराण्यात एक मुलगी जन्मली. जन्मल्यावर ती रडलीच नाही, म्हणून तिचं नाव ‘मूक कन्या’ अशा अर्थाचं ठेवलं, असं सांगतात. मागावर बसल्या बसल्या तिची समाधी लागे आणि वादळात सापडलेल्या बापभावांना ती तिथूनच वाचवी, ही तिची सर्वांत लाडकी कथा. ती वारली ९८७ साली; भक्तांच्या लेखी स्वर्गात गेली. कोळ्यांनी आणि खलाशांनी तिला देवी केलं, आणि राजदरबाराने तिला बढत्या दिल्या. ११२३ मध्ये कोरियाला निघालेल्या शाही दूताचं जहाज वादळातून बचावलं, तेव्हा सम्राटाने तिच्या देवळाला नामफलक दिला. पुढे कुब्लाई खानाच्या काळात ती ‘स्वर्गाची राणी’ झाली. कालिकतपर्यंत ताफे आणणाऱ्या झेंग हे या दर्यासारंगानेही १४३१ च्या शिलालेखात तिचे आभार मानले आहेत. वादळात डोलकाठीवर तिचा दिवा दिसला की खलाशांच्या जिवात जीव येई, असं त्यात नोंदवलं आहे. सरकारी खात्यात इतकी चढत गेलेली कोळ्यांची पोर दुसरी नसेल.

या बढत्यांचा ठसा मिरवणुकीवर स्पष्ट दिसतो. जुन्या चीनमध्ये अंमलदार दौऱ्यावर निघाला की पुढे घंटा, ‘शांतता’ आणि ‘बाजूला व्हा’ असे फलक, लांब दांड्यांची शस्त्रं, मग छत्र आणि शेवटी पालखी असा सरंजाम असे. देव दौऱ्यावर निघाला की त्यालाही तोच मान. सम्राट गेले, अंमलदार गेले, फलक मात्र देवीच्या पुढे चालतात. तिच्यासोबत दोन राक्षसी चेहऱ्यांचे उंच सरदारही असतात. एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. दोघेही आधी उपद्रवी होते, देवीने त्यांना वठणीवर आणून चाकरीला ठेवलं.

सगळ्यांच्या पुढे एकटाच चालतो तो वर्दी देणारा, आणि खरी गंमत त्याच्यातच आहे. अंगात मेंढीच्या कातड्याची बंडी, डोळ्यांवर बिनकाचेचा चष्मा. एक पाय विजारीत झाकलेला, दुसऱ्याची विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. खांद्यावरच्या छत्रीला डुकराचा पाय आणि पातीची जुडी लटकवलेली, हातात घंटा. एवढ्या शाही लवाजम्याच्या पुढे हे सोंग कसं, असं वाटेल. पण लोक त्याच्याकडेच धावतात. लग्न जमत नसेल तर त्याच्याकडून लाल दोरा मागून घेतात.

निघायची तारीख माणसं ठरवत नाहीत. चांद्र वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेच्या रात्री मंदिराचा प्रमुख देवीसमोर लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकतो. प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला, तर देवीचा होकार.

आता माहेराची गोष्ट. चिनी देवळांमध्ये मायलेकीचं नातं असतं. जुन्या देवळाच्या धूपदाणीतली राख नेऊन नवं देऊळ उभं करायचं, आणि मग लेकीने मधूनमधून आईकडे जाऊन तिच्या धूपदाणीतला अग्नी घेऊन यायचा, म्हणजे तिचं सामर्थ्य ताजं राहतं. याला तिकडेही सरळ ‘माहेरी जाणं’च म्हणतात. आईकडची राख पळीने लेकीच्या धूपदाणीत घालायची, हा यात्रेचा कळसाचा क्षण. त्यामुळे कोण कुणाकडे जातं याला फार महत्त्व असतं. जी जाते ती धाकटी.

दाजियाची देवी मेइजौहून १७३० मध्ये आली, असं मंदिराचं म्हणणं. सुरुवातीला तिची यात्रा समुद्र ओलांडून मेइजौलाच जाई. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं आणि ही वाट बंद पडली. पुढे यात्रा दक्षिणेकडे, बेईगांगच्या छाओथ्यान मंदिराकडे वळली. बेईगांगच्या गुरांच्या व्यापाऱ्यांमुळे हा रस्ता पडला, असं एक कथा सांगते. ते मंदिर १६९४ चं. तिथली मूर्तीही मेइजौहून आलेली, आणि ती आणली एका बौद्ध भिक्षूने. ताओ देवळात बौद्ध भिक्षूने देवी आणली याचं तिकडे कुणाला काही वाटत नाही. दाजियाकर दरसाल बेईगांगला जाऊन अग्नी आणू लागले, आणि अर्थातच बेईगांग ही आई, दाजिया ही लेक असं लोकांच्या तोंडी बसलं.

१९८७ मध्ये मात्सूच्या स्वर्गारोहणाला हजार वर्षं होत होती. तैवानमधून चीनला जायला तेव्हा बंदी होती. दाजियाच्या मंदिराची मंडळी जपानमार्गे मेइजौला गेली आणि तिथून मूर्ती घेऊन आली. बंदी उठण्याच्या ऐन तोंडावर घेतलेली ही जोखीम धाडसाची होती, आणि चलाखीचीही. आता थेट आजीकडूनच आलेल्या देवीला मधल्या आईची गरज राहिली नव्हती. आपण बेईगांगची लेक नाही हे बेईगांगने जाहीरपणे स्पष्ट करावं, असा दाजियाचा आग्रह होता. बेईगांग बधलं नाही. १९८८ मध्ये पालखी बेईगांगला गेलीच नाही. जवळच्या शिनगांगमधल्या फंगथ्यान मंदिराकडे वळली. बेईगांग आणि शिनगांग यांची थोरलेपणावरून जुनीच चुरस. शिनगांगने जंगी स्वागत केलं, यात नवल नाही.

मार्गाबरोबर विधीही बदलला. शिनगांगमध्ये अग्नी घेतला जात नाही. तिथे देवीचा वाढदिवस थाटात साजरा होतो, आणि यात्रेच्या नावात बेईगांगऐवजी ‘हद्दीची फेरी’ हे शब्द आले. म्हणजे माहेरवाशीण आता दौऱ्यावरची अधिकारी झाली.

चालणाऱ्यांना या वंशावळीचं फारसं पडलेलं नसतं. रस्त्यावर माणसं एकामागे एक गुडघे टेकून, पालथी पडून असतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. चाकाच्या खुर्चीत बसलेले आजारी, अंगावर मूल घेतलेल्या आया या रांगेत असतात. घरोघरी दारात टेबलावर फळं, फुलं आणि उदबत्त्या मांडून देवीचं स्वागत होतं. वारीच्या वाटेवरच्या गावांसारखीच इथलीही गावं येईल त्याला फुकट जेवू घालतात; भात, शेवया, चहा, पाण्याच्या बाटल्या, काय हवं ते. चांगहुआ शहरात तर पालखीला हात लावायला मिळावा म्हणून टोळ्यांची ओढाताण होते आणि पोलिसांची फळी उभी करावी लागते. निवडणुकीच्या दिवसांत पालखीला खांदा द्यायला पुढारीही अगत्याने येतात.

बेईगांगचं मात्र फार काही अडलं नाही. उत्तरेकडच्या बाइशातुन गावची मात्सू आजही तिथेच जाऊन अग्नी आणते. तिचा मार्ग आधी ठरलेलाच नसतो. चौकात आल्यावर पालखी ज्या बाजूला ओढ घेईल तिकडे वळायचं; मग कधी ती गल्लीत शिरते, कधी शाळेच्या आवारात, आणि मागची सगळी गर्दी तिच्या मागोमाग.