शांताबाई दाणी : आपल्याच मुलखातली आमदार

1968 साली दोन शिक्षिका कायदे करणाऱ्या सभागृहाच्या वाटेला लागल्या. एक न्यूयॉर्कच्या शर्ली चिझम, अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसऱ्या नाशिकच्या शांताबाई दाणी, ज्या त्याच साली महाराष्ट्र विधान परिषदेच्या आमदार झाल्या. पहिलीचं नाव जगभर गेलं. दुसरीचं नाव आमच्या लिंबायतमध्ये किती जणींना ठाऊक असेल? इथली मराठी घरं बहुतेक खानदेशातून, नाशिककडून पोटासाठी सुरतेला आलेली. म्हणजे शांताबाई तर आपल्याच मुलखातल्या.

त्यांचा जन्म 1919 चा, नाशिकच्या गरीब महार कुटुंबातला. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा शांताबाई अकरा वर्षांच्या. त्यांच्याच गावातलं ते देऊळ. तो लढा पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. शांताबाई मात्र शिकत राहिल्या. दादासाहेब गायकवाडांमुळे चळवळीत आल्या, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचं काम करू लागल्या. पुढे भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेबांनी जो लढा दिला, त्यातही त्या होत्या.

हा इतिहास वाचताना आपण जैन बायकांनी आपलंही एक पान उघडावं. 1947 मध्ये मुंबई सरकारने हरिजनांना मंदिरं खुली करणारा कायदा केला. त्यात जैन मंदिरंही धरली, म्हणून आचार्य शांतिसागर महाराजांनी धान्य सोडलं. अकलूजच्या मंदिराचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि 1951 मध्ये निकाल आपल्यासारखा लागला. जैन धर्म स्वतंत्र आहे, हे म्हणणं मलाही मान्य आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईला तो निकाल कसा दिसला असेल? पाठशाळेत हे कुणी विचारत नाही. समवसरणात पशुपक्ष्यांनाही जागा असते, हे मात्र आपण लहानपणापासून पाठ करतो.

शांताबाई 1974 पर्यंत, सहा वर्षं परिषदेत होत्या. पण त्यांचं काम त्या खुर्चीवर अवलंबून नव्हतं. नाशिकला रमाबाई आंबेडकरांच्या नावाने मुलींची शाळा आणि वसतिगृह होतं. खेड्यापाड्यातल्या मुली तिथं राहून शिकल्या. सभागृहात भाषण करणं एक आणि परक्यांच्या पोरींची रोजची भाकरी, पाटी, आजारपण बघणं दुसरं. हे दुसरं काम कुणी टाळ्या वाजवून करवून घेत नाही. त्यांचं आत्मकथन ‘रात्रंदिन आम्हां’ भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलं आहे. तुकोबांच्या अभंगातले हे शब्द त्यांनी उगाच निवडले नसावेत. 2001 मध्ये त्या गेल्या.

चिझमबाईंचंही असंच. 1974 मध्ये अमेरिकेत घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. ज्यांच्या कष्टाला कुणी कामच म्हणत नव्हतं, त्यांच्यासाठी त्या भांडल्या.

लिंबायतने 2012 पासून तिन्ही निवडणुकांत मराठी बाईलाच गांधीनगरला पाठवलं. त्याचा अभिमान आहेच. पण आमदार बाई झाली म्हणून आपलं काम संपत नाही. प्राथमिक शाळा झाली की साड्यांना खडे चिकटवायला घरी बसवलेली मुलगी आपल्याच गल्लीत दिसते. ती बहुतेक वेळा आपल्या समाजाची नसते, म्हणून आपल्या दानाच्या यादीतही नसते.

दशलक्षण पर्वात आपण बोल्या बोलतो, हजारोंनी बोलतो. दहा धर्मांत उत्तम त्यागही येतो. यंदा एका बोलीइतके पैसे अशा एका मुलीच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणासाठी बाजूला काढूया, आणि तिच्या आईशी बोलायला आपण स्वतः जाऊया. शांताबाईंना हार घालण्यापेक्षा ते बरं.