कंठांतील आरसा

गळ्यापुढें जो कंठमणि हातास लागतो, त्याच्या आंत दोन स्वरतंतु ताणलेले असतात. शरीरशास्त्रज्ञांस ही गोष्ट प्रेतांवरून पुष्कळ आधीं कळली होती. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत रोम येथें गॅलेन या वैद्यानें डुकराच्या मानेंतील मज्जातंतु आवळतांच त्याचें ओरडणें थांबतें, हें लोकांसमक्ष दाखविलें. पुढें १७४१ मध्यें फेरें नामक फ्रेंच पंडितानें मृतांच्या कंठांत वारा फुंकून स्वर काढला. परंतु जिवंत माणूस गात असतां आंत काय चालतें? लंडनच्या बॅबिंग्टननें १८२९ त आरसा घालून पाहिला. पण ती युक्ति रुजली नाहीं.

हें कोडें सुटलें तें एका गवयाच्या हातून. मॅन्युएल गार्सिया (१८०५–१९०६) हा स्पॅनिश घराण्यांतला, नांवाजलेल्या गायकाचा मुलगा. बापाच्या मंडळीबरोबर १८२५ त तो न्यूयॉर्कला जाऊन गायला. पण आवाज टिकला नाहीं, व ऐन तारुण्यांत रंगभूमि सोडून त्यानें शिक्षकी पत्करली. स्वतःचा आवाज गमावलेला माणूस दुसऱ्याचा जपतो, यांत नवल तें काय! १८४१ त स्वीडनची जेनी लिंड आपला शिणलेला गळा घेऊन पॅरिसला त्याच्याकडे आली. सहा आठवडे गाणें तर नाहींच, बोलणेंहि होईल तितकें टाळावें, असें त्यानें तिला सांगितलें. आवाज परतला. उपाय लागू पडला खरा. पण बिघाड डोळ्यांनीं कोणीं पाहिला होता?

१८५४ च्या सप्टेंबरांत पॅरिसमध्यें फिरतांना खिडकीच्या तावदानांवर सूर्य चमकलेला त्याला दिसला, आणि एकदम सुचलें. शस्त्रें बनविणाऱ्या शारिएरच्या दुकानांतून त्यानें लांब दांड्याचा, दंतवैद्यांचा एक लहान आरसा सहा फ्रँकांस घेतला. तो ऊन पाण्यांत बुडवून, पुसून, पडजिभेला टेकविला, आणि दुसऱ्या हातांतील आरशानें त्यावर ऊन पाडलें. पाण्यांत तापविला नसता, तर श्वासाच्या वाफेनें तो धुरकटला असता. आरशांत कंठ उघडा दिसला! श्वास घेतांना स्वरतंतु दूर होत, स्वर लावतांच जवळ येऊन मिटत.

१८५५ त त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आला. वैद्यांनीं प्रथम फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें टुर्क व चेर्माक यांनीं आरसा रोग्यांवर वापरला. चेर्माकनें उन्हाच्या जागीं दिव्याचा उजेड योजिला, आणि अग्रमान कोणाचा यावरून दोघांत कडाक्याचा वाद माजला. गार्सिया त्या भांडणांत नव्हता. तो लंडनमध्यें गाणें शिकवीत होता. १९०५ च्या मार्चांत त्याला शंभर वर्षें पुरीं झालीं, तेव्हां कंठरोगांचे वैद्य लंडनला त्याच्या सत्कारास जमले.