आयपीएलचा संघ नेमका कुणाचा असतो? कोची, डेक्कन आणि पुणे : करार तुटण्याच्या तीन हकीकती

2010 च्या एप्रिलमध्ये आपल्या जामठ्याच्या मैदानावर आयपीएलचे सामने झाले, ते कुणाचे 'घरचे' सामने होते? वर्गात हा प्रश्न टाकला तर मुलं मुंबई म्हणतात, कुणी पंजाब म्हणतो. उत्तर आहे डेक्कन चार्जर्स. तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादला सामने घेणं अवघड झालं होतं. म्हणून हैदराबादचे काही सामने नागपूरला आले, काही नवी मुंबईला आणि कटकला गेले. 2009 चा चषक याच संघानं जिंकलेला होता, गिलख्रिस्ट कर्णधार होता. वर्धा रोडवर तेव्हा जी गर्दी उसळली होती ती पाहिलेल्यांना आठवत असेल.

आज तो संघ नाही. नाव गेलं, मालक गेले. पण त्याचा खटला मात्र 2012 पासून कित्येक वर्षं चालला आणि त्यात 4,800 कोटींवर रकमेचा आकडा येऊन परत पुसलाही गेला. घरी मुलं रात्री अकरापर्यंत सामने बघतात, बाप सकाळी उठून विचारतो कोण जिंकलं. पण संघ कुणाचा, मालक कसा बदलतो, करार तुटला तर खेळाडूच्या पैशांचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहिला आहे.

मालक म्हणजे कशाचा मालक?

पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की आयपीएलचा मालक आपल्या घराच्या किंवा दुकानाच्या मालकासारखा नसतो. मैदान बहुतेक ठिकाणी राज्याच्या क्रिकेट असोसिएशनचं. स्पर्धा बोर्डाची, म्हणजे बीसीसीआयची. टीव्हीचे हक्क बोर्ड विकतं आणि त्यातला हिस्सा संघांना देतं. मालकाकडे असतो तो बोर्डाशी केलेला फ्रँचायझी करार : या शहराच्या नावानं संघ उभा करा, खेळवा, कमवा, आणि आम्हाला दरवर्षी ठरलेली फी द्या. सुरुवातीच्या संघांना ही फी दहा वर्षांच्या हप्त्यांत भरायची होती, पुढे उत्पन्नातला टक्का. हैदराबादसाठी 2008 मध्ये डेक्कन क्रॉनिकल कंपनीनं 10 कोटी 70 लाख डॉलरची बोली लावली होती. मुंबईची बोली 11 कोटी 19 लाख डॉलरची.

आता बोर्डाला हप्त्याची खात्री कशी? त्यासाठी बँक गॅरंटी. समजा एखाद्यानं गाळा भाड्यानं घेतला आणि बँकेनं लिहून दिलं की यानं भाडं नाही दिलं तर आम्ही देऊ. मालकानं बँकेत जाऊन कागद ठेवला की बँक पैसे मोजते, भाडेकरूला विचारत बसत नाही. आयपीएलच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भांडणाच्या मुळाशी हा एकच कागद आहे, एक तर वेळेवर दिला नाही म्हणून, नाही तर वटवला म्हणून.

दुसरा शब्द लवाद. करारातच लिहिलेलं असतं की भांडण झालं तर आधी लवादाकडे जायचं. बहुधा निवृत्त न्यायाधीश लवाद असतात. त्यांचा निवाडा पटला नाही तर 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 34 खाली हायकोर्टात जाता येतं. पण तिथे सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकत नाहीत. लवादानं कराराच्या चौकटीत राहून, कारणं देऊन निवाडा केला का, एवढंच बघतात.

(एक गंमत सांगून ठेवतो. करार, शर्त, जामीन, मुदत, दावा, हक्क, वकील, रक्कम, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले. मुलांना उर्दूत शिकवा की मराठीत, भांडणाचा शब्दकोश एकच आहे.)

कोची : एक हंगाम, चौदा वर्षांची तकरार

2010 च्या मार्चमध्ये दोन नवे संघ विकले गेले. पुणे सहारानं 37 कोटी डॉलरला घेतलं, कोची 33 कोटी 33 लाख डॉलरला एका गटानं. हा गट म्हणजे बऱ्याच भागीदारांची गोधडी होती आणि त्यात रांदेव्हू ही एक कंपनी होती. तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते आपल्या नागपूरचे वकील शशांक मनोहर. तीन आठवडे होत नाहीत तोच लीगचे कमिशनर ललित मोदी यांनी कोचीच्या भागीदारांची नावं ट्विटरवर टाकली. त्यात सुनंदा पुष्कर यांचा फुकट हिस्सा असल्याचं निघालं आणि आठवडाभरात शशी थरूर यांना मंत्रिपद सोडावं लागलं. फायनल झाली त्याच रात्री, 25 एप्रिलला, मोदींनाही बोर्डानं निलंबित केलं. एका संघात कोणाचा किती हिस्सा, या एका प्रश्नावर दोन खुर्च्या गेल्या.

कोची टस्कर्स 2011 चा एकच हंगाम खेळले, दहा संघांत आठवे आले. पुढच्या वर्षाची बँक गॅरंटी त्यांनी मार्च 2011 च्या मुदतीत दिली नाही. त्यांचं म्हणणं, स्टेडियम मिळण्यात अडचणी आहेत, हिस्सेदारी बदलायला मंजुरी रखडली आहे, सामने कमी केले तर फीही कमी करा. बोर्डानं 19 सप्टेंबर 2011 ला करार रद्द केला आणि आधी दिलेली दीडशे कोटींच्या वरची गॅरंटी वटवून घेतली. त्याच दिवशी एन. श्रीनिवासन बोर्डाचे अध्यक्ष झाले होते.

लवाद होते माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी. 2015 मध्ये त्यांनी कोचीच्या बाजूनं निवाडा दिला : कंपनीला 384 कोटींच्या वर आणि रांदेव्हूला 153 कोटी. कारण नीट वाचण्यासारखं आहे. मुदत उलटून गेल्यावरही बोर्ड महिनोन्‌महिने कोचीशी बोलत राहिलं, व्यवहार करत राहिलं. म्हणजे त्या मुदतीचा आग्रह बोर्डानं वागण्यातूनच सोडून दिला होता. मग अचानक तीच मुदत काढून करार तोडता येत नाही. बोर्ड मुंबई हायकोर्टात गेलं. 17 जून 2025 ला न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी बोर्डाचा अर्ज फेटाळला. लवादानं पुरावा पाहून काढलेला निष्कर्ष पटत नाही म्हणून आम्ही तो बदलू शकत नाही, असा त्यांचा मथितार्थ. एकूण रक्कम 538 कोटी, आणि बोर्डाला अपिलासाठी सहा आठवडे.

डेक्कन : एका दिवसाचा फरक

आता जामठ्यावर खेळलेला संघ. 2012 पर्यंत डेक्कन क्रॉनिकल कंपनी कर्जात बुडाली होती. खेळाडूंचे पैसे थकले. संघावरच बोजा चढवून कर्ज उचललं, असा बोर्डाचा आरोप होता. 16 ऑगस्ट 2012 ला बोर्डानं नोटीस दिली, चुका सुधारायला 30 दिवस. मालकांनी संघ विकायला काढला. 13 सप्टेंबरला लिलाव उघडला तर एकच बोली, पीव्हीपी कंपनीची, 900 कोटींची. ती मालकांनी नाकारली. दुसऱ्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, बोर्डानं करार रद्द केला.

बोटांवर मोजा. 16 ऑगस्टपासून 14 सप्टेंबर म्हणजे एकोणतिसावा दिवस. तीस पूर्ण झाले नव्हते.

कंपनी हायकोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, 100 कोटींची बिनशर्त बँक गॅरंटी आणा, तोवर थांबू. दहा दिवस दिले, कंपनीला ती आणता आली नाही. महिना संपायच्या आत हैदराबादचा नवा संघ सन टीव्हीनं वर्षाला 85 कोटी 5 लाखांना घेतला. तेच आजचे सनरायझर्स.

जुनं भांडण मात्र लवादाकडे सुरूच होतं. निवृत्त न्यायमूर्ती सी. के. ठक्कर यांनी जुलै 2020 मध्ये करार मुदतीआधी तोडला असं ठरवून कंपनीला 4,814 कोटी 67 लाख रुपये आणि वर व्याज द्यायचा निवाडा दिला. बोर्डासाठी तो केवढा धक्का असेल याची कल्पना करा. पण अकरा महिन्यांत, जून 2021 मध्ये, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हा निवाडा मोडीत काढला. लवादानं करारातल्या शर्ती बाजूला ठेवल्या आणि इतक्या मोठ्या निष्कर्षांना कारणं दिली नाहीत, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

एकच कोर्ट, एकच कलम 34, एकच बोर्ड. कोचीचा निवाडा टिकला आणि डेक्कनचा कोसळला. कुणाला वाटेल की हे नशीब आहे. मला तसं वाटत नाही. कोचीच्या लवादानं पत्रव्यवहार, तारखा आणि करारातली कलमं एकमेकांना जोडून दाखवली होती. डेक्कनच्या निवाड्यात ती जोडणी हायकोर्टाला सापडली नाही. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत दाखवली नाही तर मास्तर मार्क देत नाही, तसंच हे. फक्त इथे मार्क 4,800 कोटींचे होते.

पुणे : चौऱ्याण्णव की चौऱ्याहत्तर?

पुण्याचं भांडण समजायला सगळ्यात सोपं. सहाराचं म्हणणं असं : बोली लावली तेव्हा हिशेब 94 सामन्यांचा होता, म्हणजे दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळणार आणि वर चार बाद फेरीचे. प्रत्यक्षात 2011 मध्ये झाले 74. प्रत्येक संघाचे अठराऐवजी चौदा. घरचे सामने नवावरून सात. मग तिकीट कमी, जाहिरात कमी, तर फीही त्या प्रमाणात कमी करा. बोर्ड मानेना. लवाद कोण असावा यावरच दोघांचं जमेना. 2013 च्या मे महिन्यात बोर्डानं वर्षाच्या फीपोटी सहाराची बँक गॅरंटी वटवली आणि सहारानं त्याच वेळी संघातून अंग काढून घेतलं. ऑक्टोबरमध्ये बोर्डानं करार अधिकृतपणे संपवला.

सहाराची बाजू मला ऐकायला रास्त वाटते. दहा पोत्यांचा भाव ठरवून आठच पोती दिली तर पैसे आठांचेच द्यावेत, हे इतवारीतला हमालही सांगेल. पण त्याच सहाराचे दुसरे व्यवहार त्या काळात सुप्रीम कोर्टात कसे निघाले हेही आपल्याला ठाऊक आहे. गुंतवणूकदारांत छोटी कुटुंबं होती, आपल्या वस्त्यांतलीही. म्हणून सहानुभूती फार लांब जात नाही.

राजस्थान आणि पंजाब या दोन संघांनाही ऑक्टोबर 2010 मध्ये, मनोहर अध्यक्ष असतानाच, बोर्डानं बाहेर काढलं होतं. कारण हिस्सेदारी परवानगीशिवाय बदलली, हे. दोघांनी मुंबई हायकोर्टाची वाट धरली, तात्पुरता दिलासा मिळवला आणि 2011 ला खेळले. आणि चेन्नईच्या मालक कंपनीचे प्रमुख श्रीनिवासन स्वतः बोर्डावर कसे, या सवालावर सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2015 मध्ये निकाल दिला : बोर्डाच्या पदाधिकाऱ्याला संघात व्यापारी हितसंबंध ठेवू देणारी नियमातली दुरुस्ती रद्द.

मैदानावर कोण उरतं?

या सगळ्यात कोर्टात उभे होते मालक आणि बोर्ड. खेळाडू कुठे होते? कोचीचे खेळाडू पुन्हा लिलावात गेले. जडेजा चेन्नईला गेला आणि त्याचं भलं झालं. पण ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड हॉज, जो कोचीकडून खेळला, त्यानं 2021 मध्ये जाहीरपणे लिहिलं की दहा वर्षांपूर्वीच्या कमाईतले 35 टक्के खेळाडूंना अजून मिळालेले नाहीत. मालकाला 538 कोटींचा निवाडा मिळू शकतो, कारण त्याच्याकडे वकिलांची फौज असते. खेळाडूकडे एक बॅग असते.

बॅगेवरून आठवलं. 2025 च्या बांगलादेश प्रीमियर लीगमध्ये दरबार राजशाही संघाचे पैसे थकले. खेळाडूंनी सरावाला नकार दिला. शेवटी त्यांच्या बसच्या ड्रायव्हरनं, त्याचंही भाडं थकलेलं, खेळाडूंच्या किटच्या बॅगा बसमध्ये कुलूप लावून ठेवल्या.

हे दूरचं वाटत असेल तर 2025 च्या जूनमध्ये जामठ्यालाच विदर्भ प्रो टी-20 लीग सुरू झाली हे ध्यानात घ्या. त्याच्याही खाली गल्लीबोळातल्या टेनिस बॉलच्या लीग आहेत, ज्यात 'ओनर' असतात आणि लिलावही होतो. मोमिनपुऱ्यात, ताजबागेकडे, टेकामध्ये आपली कितीतरी मुलं खेळतात. मागच्या वर्षी एका मुलाचे अब्बा एक कागद घेऊन माझ्याकडे आले होते. इंग्रजीत चार पानं, सर वाचून द्या म्हणाले. मुलगा सतरा वर्षांचा. पैसे किती ते लिहिलं होतं, पण कधी देणार ती जागा कोरी. दुखापत झाली तर उपचार कोण करणार, एक ओळ नाही. दुसऱ्या कुठल्याही संघाकडून वर्षभर खेळायचं नाही, ही अट मात्र ठळक. आणि सही मुलाचीच मागितली होती. अठरा पुरे नसलेल्यानं केलेला करार आपल्या कायद्यात धरलाच जात नाही, हे त्या दोघांना माहीत नव्हतं आणि कागद करणाऱ्यालाही बहुतेक नसावं.

मी त्यांना पेन्सिलनं चार ठिकाणी खुणा करून दिल्या : तारीख, दुखापत, बंदीची मुदत, संघ बंद पडला तर काय. म्हटलं, हे भरून आणा, मग तुम्ही वालिद म्हणून सही करा, आणि एक प्रत घरी ठेवा. ते गेले. आठ दिवसांनी मुलगा वर्गात म्हणाला, सर, त्यांनी तीन जागा भरून दिल्या. चौथी विचारली तर म्हणाले, आपला संघ कशाला बंद पडेल?