हैतीची जमीन आणि परदेशी मालक



कॅरिबियन बेटावर घर घ्या आणि सोबत पासपोर्ट मिळवा, अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर दिसतात. निळा समुद्र, पांढरी वाळू, पुढं किंमत. यात खोटं काही नाही. सेंट किट्स अँड नेव्हिस हा चिमुकला देश 1984 पासून पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्व देतो. त्याच्यामागून डॉमिनिका, ग्रेनाडा, अँटिग्वा, सेंट लुसिया यांनीही ती वाट धरली. पण त्याच समुद्रात असाही एक देश आहे, जिथं शंभरावर वर्षं परदेशी माणसाला वीतभर जमीनही विकत घेता येत नव्हती. तो देश म्हणजे हैती. हा नियम तिथं का आला, कसा गेला आणि त्यात बायकांचं काय झालं, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

हैती ही आधी फ्रान्सची वसाहत होती. ऊस आणि कॉफीच्या मोठमोठ्या मळ्यांवर तिथं आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. 1789 च्या सुमारास त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. जमीन मालकाची, आणि जमिनीवर राबणारी बाईसुद्धा मालकाचीच. तिचं मूल जन्मतःच मालकाच्या वहीत लिहिलं जाई. 1791 च्या ऑगस्टमध्ये या गुलामांनी उठाव केला. तेरा वर्षं लढाई चालली, नेपोलियनची फौजही हरली, आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी लढून स्वतःचा देश मिळवला, असं जगात दुसरीकडे कुठं घडलेलं नाही.

पुढच्याच वर्षी, 1805 मध्ये, जाँ-जाक देसालीन यांच्या राज्यात घटना लिहिली गेली. तिच्या बाराव्या कलमाचा अर्थ असा, की कोणत्याही देशाच्या गोऱ्या माणसानं मालक म्हणून या भूमीवर पाय ठेवायचा नाही आणि पुढंही इथं मालमत्ता घ्यायची नाही. ऐकायला हे कडक वाटेल. पण ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, त्यांना मालक या शब्दाचा अर्थ कुणी वेगळा सांगायची गरज नव्हती. जमिनीचा मालक परत आला, की माणसाचा मालकही परत येईल, ही भीती त्या कलमामागं होती.

लगेच पुढच्या कलमात सूटही होती. ज्या गोऱ्या बायकांना सरकारनं हैतीचं नागरिकत्व दिलं होतं, त्यांना आणि त्यांच्या मुलांना ही बंदी लागू नव्हती. तसंच नागरिकत्व मिळालेल्या जर्मन आणि पोलिश माणसांनाही ती लागू नव्हती. म्हणजे प्रश्न नुसत्या कातडीचा नव्हता. इथला होऊन राहणारा कोण आणि मालकी गाजवायला येणारा कोण, हा खरा प्रश्न होता. पुढच्या घटनांत गोरा हा शब्द जाऊन, हैतीचा नागरिक नसलेला कुणीही, असा नियम झाला.

जमीन गेली म्हणून जुने मालक गप्प बसले नाहीत. 1825 मध्ये फ्रान्सच्या राजानं चौदा लढाऊ जहाजं पाठवली आणि मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी 15 कोटी फ्रँक मागितले. 1838 मध्ये एकूण रक्कम 9 कोटींवर आली. ती फेडायला हैतीनं फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं. जमीन परत घेता आली नाही, तर तिची किंमत वसूल केली. तो भार पडला कॉफीवरच्या करावर, म्हणजे डोंगरात कॉफी पिकवणाऱ्यांवर आणि ती डोक्यावरून बाजारात नेणाऱ्या बायकांवर.

त्या डोंगरात मात्र एक वेगळं जग उभं राहिलं होतं. मोठे मळे मोडले. लोकांनी लहान लहान तुकडे कसायला घेतले. एका अंगणाभोवती तीनचार घरं, आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे, याला तिथं लाकू म्हणतात. शेत बहुतेक पुरुष कसत आणि माल विकायचं काम बायका करत. मादान सारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाजारकरणी आजही हैतीचा व्यापार डोक्यावर पेलतात. बापाच्या जमिनीत मुलींनाही वाटा मिळे. पण हे सगळं तोंडी चाले. मोजणी करायची आणि नोटरीकडून कागद करून घ्यायचा, तर पैसे लागत. लग्नंही बहुतेकांची नोंदलेली नसत. तिथं आपल्यासारखा गावागावांत सातबारा नव्हता. ही जमीन कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कागदाला ठाऊक नव्हतं.

बंदी होती, तरी पळवाटाही निघाल्या. जर्मन व्यापाऱ्यांनी हैतीच्या बड्या घरांतल्या मुलींशी लग्नं केली आणि सोयरिकीच्या वाटेनं जमीन मिळवली. कलमात गोऱ्या बायकांना जागा मिळाली होती, ती हैतीच्या झाल्या म्हणून. इथं हैतीच्या बाईचं लग्नच दुसऱ्याच्या मालकीचा दरवाजा झालं.

मोठा दरवाजा उघडला तो अमेरिकेनं. 28 जुलै 1915 रोजी अमेरिकेचे सैनिक हैतीत उतरले आणि एकोणीस वर्षं राहिले. परदेशी माणसाला जमीन घेता यावी, अशी नवी घटना त्यांना हवी होती. हैतीच्या विधिमंडळानं नकार दिला, तेव्हा 1917 मध्ये ते विधिमंडळच बरखास्त झालं. मग जून 1918 मध्ये जनमत घेतलं गेलं. बाजूनं 98 हजारांहून जास्त मतं, विरोधात फक्त 768! सैनिकांच्या पहाऱ्यात झालेलं हे मतदान. बायकांना तर मतच नव्हतं. ही घटना आपणच लिहिली, अशी बढाई फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1920 च्या प्रचारात मारली. तेच पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आता कागदाची किंमत कळली. कंपनीच्या हातात कागद, शेतकऱ्याच्या हातात कुदळ. 1941 मध्ये अमेरिकेच्या कर्जावर एक हैती-अमेरिकन शेती कंपनी निघाली. दुसऱ्या महायुद्धासाठी रबर हवं होतं, म्हणून रबराच्या वेलीची लागवड ठरली. त्यासाठी शेतकऱ्यांना उठवलं, घरं पाडली, फळझाडं तोडली. 1944 मध्ये योजना गुंडाळली, तेव्हा रबर जवळजवळ काहीच हाती आलेलं नव्हतं. तोडलेलं आंब्याचं झाड पुन्हा फळाला यायला किती वर्षं लागतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आज काय आहे? 1987 च्या घटनेनं मधला मार्ग काढला. हैतीत राहणाऱ्या परदेशी माणसाला राहण्यापुरतं घर घेता येतं, पण एका तालुक्याएवढ्या भागात एकच. घरं भाड्यानं देण्याचा धंदा करता येत नाही. देश सोडून पाच वर्षं झाली की तो हक्क संपतो. तरी कागद नसलेल्यांची अडचण संपली नाही. 2010 च्या भूकंपानंतर काराकोल इथं परदेशी मदतीनं कारखान्यांची वसाहत उभारली, तेव्हा सुमारे 250 हेक्टर पिकाची जमीन गेली. जमीन सरकारी, कसणारी साडेतीनशेहून जास्त कुटुंबं. त्यांनी एकजूट केली, पैसा देणाऱ्या बँकेकडे तक्रार नेली, आणि डिसेंबर 2018 मध्ये भरपाईचा करार मिळवला.

आणि बायका? बाहेरच्या मालकाला अडवणाऱ्या त्याच देशात लग्न झालेली बाई कायद्यानं अज्ञान मुलासारखी मानली जाई. नवऱ्याच्या परवानगीवाचून तिला व्यवहार करता येत नसे. 1934 मध्ये तिथल्या बायकांनी आपली संघटना काढली, 1950 मध्ये मताचा हक्क मिळवला, आणि नवऱ्याच्या ताब्यातली ती कायद्याची बेडी 1982 मध्ये तुटली. म्हणजे देशाच्या दाराला कुलूप 1805 मध्ये लागलं, पण घरातल्या पेटीची किल्ली बाईच्या हाती यायला आणखी 177 वर्षं गेली.

म्हणून मैत्रिणींनो, जमीन कुणाला विकायची हा प्रश्न मोठाच आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की आज ती कुणाच्या नावावर आहे? बाहेरचा माणूस पैसे घेऊन येतो, तेव्हा तो गावाला विचारत नाही, कागदाला विचारतो. ज्याचं नाव कागदावर, त्याच्याशीच तो बोलतो. आज घरी गेल्यावर आपल्या घराचा उतारा आणि शेताचा सातबारा काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का, ते वाचा. नसेल तर का नाही, हे घरात विचारा.