रानातला मुक्काम आणि मुद्दल

आज जरा जुन्या काळात जाऊ, पण विषय आपल्या बैठकीतलाच आहे.

आमच्या बोरिवलीच्या गटात एक प्रस्ताव आला. एका ताईच्या माहेरची जागा वाडा तालुक्यात रानाला लागून आहे. तिथे तंबू टाकायचे, शहरातल्या लोकांना मुक्कामाला बोलवायचं, जेवण आपण करायचं. पैसे? गटाच्या गंगाजळीतून काढायचे. निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या गप्प बसल्या. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच! मी म्हटलं, आधी रानात राहायची जुनी सोय बघून येऊ. ती आमच्या दारातच आहे.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला नॅशनल पार्कचं फाटक आहे. आत शंभराच्या वर चौरस किलोमीटर जंगल, एका अंगाला बोरिवली तर दुसऱ्या अंगाला मुलुंड. फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत गेलं की कान्हेरीची लेणी लागतात. काळ्या दगडाच्या डोंगरात कोरलेली शंभरावर लेणी. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली आणि पुढे कितीतरी शतकं काम चालू राहिलं. पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून बौद्ध भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे ही लेणी नुसती बघायची नव्हती, राहायची होती.

आम्ही चौदा जणी आत शिरलो. पुढे ओसरी, आत खोली, निजायला दगडाचा ओटा. आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजी त्या ओट्यावर जरा टेकल्या आणि म्हणाल्या, "गार आहे गं. पण पाणी कुठून आणत होते?" मग सगळ्यांनी पाणीच शोधलं. लेण्यालेण्यापाशी खडकात टाकी कोरलेली. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून त्यात उतरतं. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हटलंय. गडकिल्ले फिरणारी पोरं आजही हा शब्द वापरतात.

हे सगळं कुणाच्या पैशांतून झालं? राजांच्या तर होतंच, पण कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि बायकांच्याही. पोणकीअसणा नावाच्या भिक्खुणीने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली, असा लेख कान्हेरीत आहे. तिथल्या एका लेण्यावर कल्याणच्या दामिलेचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव दगडात, आणि आमच्या अर्ध्या जणींची नावं आता कुठे सातबाऱ्यावर येतायत!

पण लेणं कोरून दिलं की भागत नाही. दर पावसाळ्यात राहायला येणाऱ्यांच्या कपड्यालत्त्याचं काय? त्यासाठी अक्षयनीवी ठेवत. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडायची ठेव. कान्हेरीच्या लेखांतही ती आहे, पण याचा पक्का हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यात दगडावर लिहिलेला आहे. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा गटच समजा. एका श्रेणीकडे 2000, महिना शेकडा 1 व्याजाने. दुसरीकडे 1000, महिना शेकडा पाऊण व्याजाने.

आता वही काढा. 2000वर शेकडा 1 म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. लेख सांगतो, लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. वीस बारं दोनशे चाळीस. एक नाणं इकडचं तिकडे नाही! दुसऱ्या ठेवीचं व्याज किरकोळ खर्चाला. आणि स्पष्ट अट लिहिलेली: मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्याच लेण्यात उषवदाताच्या बायकोने, दक्षमित्रेने, एक खोली दान दिल्याचा लेख आहे. खोलीला तिथे ओवरक म्हटलंय. आपल्या देवळातली ओवरी, जिथे वारीत आपण पथारी टाकतो, ती त्याच शब्दातून आली.

पुढे रानातल्या मुक्कामाचे प्रकार वाढत गेले. बंजाऱ्यांच्या तांड्यांचे तळ, फौजांच्या राहुट्या, इंग्रजांच्या वेळचे डाकबंगले, वनखात्याची विश्रामगृहं. आमच्या जंगलात विहार तलाव 1860 साली झाला आणि तुळशी 1879 साली, दोन्ही मुंबईला पाणी द्यायला. आता तिथे मनाला वाटलं म्हणून रात्र काढता येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात शिरायलाही परवानगी लागते. वनखातं ठरवून देईल तिथेच राहायचं, आणि ते बरंच आहे, कारण रात्री तिथे बिबट्याचं राज्य असतं. पार्कातल्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी पिढ्यानपिढ्या राहतात. आपण ज्याला मुक्काम म्हणतो ते त्यांचं घर आहे. तिथल्या एका वहिनीने आम्हाला विचारलं, "तुम्ही हौसेने जमिनीवर झोपायचे पैसे देता?" आम्हाला उत्तर सुचेना.

परत आल्यावर बैठक झाली. रंगीत तंबूंचं चित्र घेऊन आलेल्या ताईंनीच ते बाजूला ठेवलं. आजी म्हणाल्या, आधी पाण्याची टाकी आणि बायकांसाठी संडास, तंबू पहिल्या वर्षी भाड्याने आणा. मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाचं जे व्याज जमलंय तेवढ्यातच काम सुरू करायचं, असा ठराव वहीत लिहिला आणि चौदा जणींनी सह्या केल्या. दोघींनी अंगठा दिला होता मागच्या वेळी, या वेळी त्यांनीही सही केली. जागा वनहद्दीच्या बाहेर आहे का, हे मोजणीच्या नकाशावर बघायला पुढच्या सोमवारी आम्ही तिघी वाड्याला जातोय.